विषय : आपला कागदोपत्री वाढदिवस

प्रति,
माननीय भाऊसाहेब,
खिडकीजवळचे टेबल, आस्थापना शाखा.

संदर्भ : १) आपला शाळा सोडल्याचा दाखला. २) आपल्या मातोश्रींचे तोंडी निवेदन. (दोन्ही संदर्भ एकमेकांशी जुळत नाहीत.)

महोदय,

उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आज १ जून रोजी आपण ५७ वर्षांचे झाल्याची नोंद सेवापुस्तकात आहे. सेवापुस्तकाशी वाद घालायचा नसतो, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. त्यामुळे शुभेच्छा ५७ व्या वाढदिवसाच्याच स्वीकाराव्यात. मनातला आकडा आम्ही मनात ठेवतो.

आपल्या कार्यालयात १ जूनचे पाच जण आहेत. केकवर पाच नावं मावत नाहीत म्हणून बेकरीवाला दरवर्षी ‘सर्वांना’ एवढंच लिहून देतो. पाचही आया काही एकाच दिवशी बाळंत झाल्या नव्हत्या. शाळा जूनमध्ये उघडायची, बाप पोराला हाताला धरून आणायचा, तारीख विचारली की ‘पेरणीच्या आसपास’ म्हणायचा, आणि हेडमास्तर १ जून लिहून मोकळे व्हायचे. वय ठरवायची पद्धतही साधी होती. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला, की पोरगं सहा वर्षांचं. भाऊसाहेब, तुमचा हात पोचला नाही. परत पाठवलं, पुढच्या वर्षी आणलं, तरी पोचेना. शेवटी मास्तरांनी कान थोडा वर ओढला आणि १९६९ साल लिहिलं. हे मी रचलेलं नाही, तुमच्याच आईंनी मागच्या गणपतीत सांगितलं. चहाचं बिल आलं की तुमचा हात अजूनही खिशापर्यंत पोचत नाही, तेव्हा मास्तरांना दोष देता येत नाही.

आता मुद्दा असा, की त्याच बैठकीत आई असंही म्हणाल्या, ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा हा पाळण्यात होता. पाळणा असा हलला, की पुढे महिनाभर साध्या झोक्याला हा झोपेना.’ कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटेचा. म्हणजे दाखल्याप्रमाणे जन्माला येण्याच्या दीड वर्ष आधी आपण पाळण्यात पडून होता! ५८ हे निवृत्तीचं वय धरलं, तर आज तुम्ही खुर्चीवर बसला आहात ते केवळ आखूड हातांच्या जोरावर. घाबरू नका. जन्मतारीख बदलायचा अर्ज नोकरी लागल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो. ती मुदत कधीच टळली. आता खुद्द आईंनी प्रतिज्ञापत्र दिलं तरी तुम्ही ५७ चेच.

पण मास्तरांनी दिलेलं सरकार फुकट थोडंच ठेवू देतं? महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणजे पुढच्या वर्षी ३१ मेला तुमचा नारळ, आणि १ जूनला वाढदिवस घरी. कार्यालयात ५८ वा केक १ जूनवाल्यांच्या नशिबातच नाही. त्यात तुमची वार्षिक वेतनवाढ १ जुलैची. ३० जूनला निवृत्त होणाऱ्यांचा त्या वेतनवाढीवरचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मान्य केला. तुम्ही अकरा महिने भरून रिकाम्या हाताने जाणार. मास्तरांची शाळा तेव्हा महिनाभर उशिरा उघडली असती, तर पेन्शन थोडी जाड झाली असती. पुढे एसटीचं अर्धं तिकीट ६५ नंतर. तिथेही तुम्ही दीड वर्ष पूर्ण पैसे मोजणार. आणि तेही कुणाकडे? एसटीचा जन्मही १ जूनचाच, १९४८ चा, पहिली गाडी पुणे ते अहमदनगर. वाढदिवसाच्या जोडीदाराने असं वागू नये.

१ जूनलाच, १९३० साली, डेक्कन क्वीनही धावू लागली. तिचा वाढदिवस प्रवासी पुणे स्टेशनवर केक कापून करतात. वयाने तुमच्यापेक्षा कितीतरी मोठी, पण २०२२ मध्ये तिला नवेकोरे डबे मिळाले. तुम्हाला मिळाली ती खालची कवळी. मिशीला कलप लावता, पण उजव्या कानावरचे केस विसरता, त्यामुळे डावीकडून पाहिलं तर ४५ आणि उजवीकडून ६२ दिसता. संगणकावर अक्षर इतकं मोठं करून ठेवलंय, की तुमची गोपनीय टिपणी शिपाई व्हरांड्यातून वाचतो. पूर्वी चहाला सिनेमाच्या गोष्टी निघायच्या, मग महागाई भत्त्याच्या निघू लागल्या, आता उपाशीपोटीची साखर किती आणि जेवणानंतरची किती. ती सांगून झाली, की तुम्ही दुसरा पेढा उचलता.

तरी हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू. तुम्ही नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलात, जुन्या पेन्शनसकट म्हातारे होताय. आम्ही कुठल्या योजनेचा पर्याय भरायचा हे ठरवता ठरवता म्हातारे होणार. आणि फाइल कुठे अडते हे तुम्हाला वासावरून कळतं, ते शिकायला आम्हाला अजून बरीच धूळ खायची आहे.

एक सूचना आत्ताच देऊन ठेवतो. पेन्शन सुरू झाली, की दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो. इतकी वर्षं आपण दुपारी दोन ते तीन या वेळेत त्या खुर्चीवर बसूनही आम्ही कधी तो पुरावा मागितला नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

केक साडेपाचला कापला जाईल. तरी विनंती की, साखर मोजायचं यंत्र घरी ठेवून यावं. निवृत्तीनंतर करार पद्धतीने पुन्हा येण्याचा अर्ज इतक्यात लिहू नये, आणि केकच्या वर्गणीचे आपले शंभर रुपये येणे बाकी आहेत, ते आजच द्यावेत.

आपला विश्वासू,
शेजारचे टेबल