ओके, रीवर्क, रिजेक्ट

पुनावळ्यातल्या प्रत्येक मोठ्या सोसायटीत एक शेअर बाजाराचा जाणकार असतो, एक योगासनांचा असतो, आणि ग्रह फारच फिरले असतील तर एक जाझकाका असतात.

आमचे जाझकाका चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला होते. जन्मभर गिअरचे दात तपासले, आता तीच नजर संगीतावर. ३१ डिसेंबरला, 'उद्या टँकर उशिरा येईल, पाणी जपून वापरा' या सेक्रेटरींच्या मेसेजखाली त्यांची यादी पडते : वर्षातल्या उत्तम रेकॉर्डी आणि मैफली. प्रत्येक नावापुढे शेरा. ओके, रीवर्क किंवा रिजेक्ट. त्याखाली लोक हात जोडल्याचं चित्र टाकतात. हे हात टँकरला की जाझला, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

पहिला क्रमांक दरवर्षी माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'ला. ही रेकॉर्ड १९५९ची. "काका, ही यंदाची कशी?" असं विचारलं की चष्मा काढून म्हणतात, "यंदा ऐकली ना मी!" खरोखर यंदाच्या असलेल्या रेकॉर्डी यादीच्या तळाशी, बहुतेक रीवर्कमध्ये.

रेकॉर्ड लावणं हे त्यांच्याकडे सोवळ्यातलं काम. समोरच्या प्लॉटवर टॉवर उठताहेत, म्हणून धुळीसाठी आधी खिडक्या बंद. मग पंखा बंद. तबकडी दोन तळव्यांत कडेनं धरायची, मखमली ब्रश खाचांच्या दिशेनंच फिरवायचा, आणि सुई टेकेपर्यंत पाहुण्यानं शिंकायचं नाही. मे महिन्यात या घरात जाझ ऐकून आलेला माणूस सरळ अंघोळीला जातो. ड्रमचा सोलो सुरू झाला की काकू आतून मिक्सर लावतात. चटणी वाटून होते, सोलो चालूच असतो.

मैफलींचा विभाग छोटा. कारण मैफल नरिमन पॉइंटला एनसीपीएमध्ये असते आणि काका पुनावळ्याच्या अंडरपासमध्ये. गेल्या खेपेला दुपारी जेवून निघाले. अंडरपास सुटेपर्यंत गाडीत कोल्ट्रेनचं 'अ लव्ह सुप्रीम' पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजून झालं. सभागृहाशी पोचले तेव्हा लोक गाड्या बाहेर काढत होते. यादीतला शेरा : 'ओके. ऐकली नाही, पण बाहेर पडणाऱ्यांचे चेहरे तपासले.'

निरंजन झवेरींच्या पुढाकारानं १९७८ साली मुंबईत पहिली जाझ यात्रा भरली. तिथे आपण सनी रोलिन्सचा सॅक्सोफोन ऐकला, असं काका सांगतात. त्या वर्षी ते बार्शीत नववीत होते, असं काकू सांगतात.

जाझमध्ये प्रत्येकाच्या सोलोनंतर मध्येच टाळ्या द्यायची रीत आहे. काकांनी ती सोसायटीच्या गणपतीत, भजनी मंडळाच्या पखवाजवाल्यासाठी पाळली. वादक रंगात आला होता, काकांनी एकट्यानंच कडाडून टाळ्या दिल्या. 'आवरतं घ्या' असा निरोप समजून बुवांनी अभंग अर्ध्यावर सोडला आणि थेट आरती घेतली. प्रसाद अजून शिजत होता.

तरी त्यांचं एक म्हणणं मला पटतं : जाझ आपल्याला परकं नाही. ऑर्केस्ट्रात 'अलबेला'तलं गाणं लागलं की चौथ्या मजल्यावरच्या आजीसुद्धा खुर्चीत डोलतात. ते संगीत आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं, १९५१चं. त्यांच्या साथीला होते गोव्यातल्या हळदोण्याचे चिक चॉकलेट, लुई आर्मस्ट्राँगच्या वळणाचे ट्रम्पेटवादक. हे सगळं खरं आहे, ऐकण्यासारखंही आहे. फक्त काका ते ऑर्केस्ट्रा थांबवून माइकवरून सांगतात.

यंदाची यादी कालच आली. रेकॉर्डींत १९५९ला धक्का नाही. मैफलींत मात्र पहिला नंबर आमच्या पार्किंगमधल्या भजनी मंडळाला. शेरा : ओके. आरती लवकर घेतल्याबद्दल अर्धा गुण कापला आहे.