दातकोरणं आणि रात्री बाराचा सेल

"ताई, आहात का हो घरात?"

ही हाक आली की मी गॅस बारीक करते. आमच्या आणि शेजारच्या वहिनींच्या मधे कंबरेएवढी भिंत आहे. त्यांच्या बाजूने जास्वंद झुकलेली, आमच्या बाजूने कढीपत्ता. साताऱ्यात हे घर बांधलं तेव्हा आमचे हे म्हणाले होते, भिंत चांगली पुरुषभर उंच घालू. पैसे संपले, ते बरंच झालं.

परवा वहिनी आल्या त्या मोबाइल दोन्ही हातांवर घेऊन, मांजराने पाडलेलं पाखरू आणावं तसा.

"गेला हो हा. चार्जच होत नाही. वायर वाकडी धरून खाली वाटी सरकवली की होतो. वाटी हलली की बंद."

"किती वर्षं झाली घेऊन?"

"गणपतीत तीन होतील." आणि मग एकदम आवाज खाली आणून, "पण ह्यांनी हो म्हटलंय! आज रात्री बाराला सेल उघडतोय. 27 हजारांचा फोन 18 हजारांत. सहा महिने बिनव्याजी हप्ते. शिवाय जुन्याचे तेवीसशे देतायत."

गल्लीत सगळ्यांचा समज आहे की मला मोबाइलमधलं फार कळतं. तसं काही नाही. आमचं राजवाड्याजवळ रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि मी 32 वर्षं गल्ल्यावर बसले. बंद पडलेली वस्तू आधी उघडून बघायची आणि रडायचं मग, एवढंच त्यातून अंगवळणी पडलं. गल्ल्यावर बसल्यामुळे आणखी एक खोड लागली. कुणी 'बिनव्याजी' म्हटलं की माझा हात पेन्सिलीकडे जातो.

वीजबिल पायरीवरच पडलं होतं. त्याच्या पाठीवर मांडून दाखवलं. "हे बघा वहिनी. शून्य टक्के व्याज म्हणून काही नसतंच, असं रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना बजावलं. तेव्हापासून नाव बदललं, नो कॉस्ट झालं. व्याज असतंच. तेवढी सूट आधी दाखवतात आणि मग तेच हप्त्यात घालतात. तीन-तीन हजारांचे सहा हप्ते, बँकेचा दर 16 टक्के धरला, तर व्याज होतं 811. ते सुटीत फिटलं, मान्य. पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी फिटत नाही. ते झाले 146. वर प्रोसेसिंगचे 199 लावले तर त्यावरही जीएसटी, म्हणजे 235. एकूण 381."

"अगंबाई! म्हणजे पेढ्यांचा पुडा गेला की."

"कंदी."

वहिनी हार मानणाऱ्यातल्या नाहीत. "पण आता जीएसटी उतरलाय ना मोबाइलवरचा? पोवई नाक्यावरचा दुकानदार सांगत होता."

"उतरला तो 32 इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा आणि एसीवरचा. 28 चा 18 झाला, 22 सप्टेंबर 2025 पासून. मोबाइलवर 1 एप्रिल 2020 पासून 18 आहे, तो तिथेच आहे. आणि ते 27 हजारांवर काट मारलेली असते ना, त्या काटेला काडीची किंमत देऊ नका. महिनाभर आधी तो फोन कितीला मिळत होता ते कुणी लिहून ठेवलंय?"

मी ठेवते. कालनिर्णयमध्ये दुधाच्या खाड्याच्या शेजारी. भाचीसाठी कानात घालायचे ते बिनवायरचे बड्स घ्यायचे होते, तर पंधरा दिवस आधी चौकटीत लिहिलं, 1,899. सेलच्या दिवशी 3,999 वर काट आणि खाली लाल अक्षरांत 1,799. शंभर रुपये वाचले, हे खरं. पण बावीसशे वाचल्याचा जो आनंद व्हायला हवा होता, तो काही झाला नाही.

"बरं, आणा तो फोन इकडे," मी म्हटलं.

चष्मा लावला, माझ्या मोबाइलची बॅटरी लावली आणि वायर घालतात त्या भोकात डोकावले. जे वाटलं होतं तेच. तळाशी करडा गालिचा अंथरलेला.

"कुठे ठेवता हा दिवसभर?"

"ड्रेसच्या खिशात. नाहीतर ओट्यावर, पोळ्या करताना गाणी लावते ना."

झालं तर. खिशातला कापूस आणि ओट्यावरची कणीक. रोज वायर खुपसायची, की ते आणखी दाबून बसतं. तीन वर्षांत त्याचा नमदा होतो. वायर शेवटपर्यंत जातच नाही, कडेला लोंबकळते. म्हणून मग वाटी लागते.

"सुई देऊ का?" वहिनी तत्परतेने म्हणाल्या.

"सुई नको, सेफ्टी पिन तर नकोच. धातू आत टेकला तर आहे तो जीवही जायचा. आधी फोन पूर्ण बंद करा. आणि घरातून लाकडी दातकोरणं आणा."

ते आलं. ब्लेडने त्याचं टोक दोन्ही बाजूंनी तासून चपटं केलं. सी टाइपच्या भोकात मधोमध एक पातळ जीभ असते. तिच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली बारीक टोकं, पुरती भरलेली असली तर 24. त्या जिभेला धक्का लावायचा नाही. काडी तिच्या वरून आणि खालून, कडेच्या भिंतीला धरून न्यायची, तळाला टेकली की हलकेच बाहेर ओढायची. कानातला मळ काढतो त्याच हाताने. फुंकर मारायची नाही, तोंडातली ओल आत जाते. हे काम घाईचं नाही, त्यामुळे गप्पांना उत्तम.

पहिल्या ओढीला धागाभर आलं. वहिनी भिंतीवर कोपर टेकून उभ्या राहिल्या.

"कोपऱ्यावरच्या भाऊजींचं कळलं का? बंगळूरला लेकीकडे निघाले, तर पुण्याला विमानतळावर बॅग उघडायला बोलावलं म्हणे. पॉवर बँक कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत घातलेली."

"ती हातातल्या बॅगेतच न्यायची असते. पोटातल्या सामानात चालत नाही. पेट घेतला तर तिथे बघणार कोण? शंभर वॉट-अवरपर्यंत हातात चालते. त्यांची 20 हजारांची असेल, ती 74 भरते."

"20 हजारांचीच. आणि त्यांची दुसरी तक्रार वेगळीच. फोनची बॅटरी 5 हजारांची, म्हणजे चार वेळा भरायला हवा, आणि भरतो कसाबसा अडीच-तीन वेळा. फसवलं म्हणतात."

"फसवलं नाही, पाठ वाचली नाही. पुढे मोठ्या अक्षरांत लिहितात तो आतल्या सेलचा आकडा, 3.7 व्होल्टचा. बाहेर येताना ते 5 व्होल्ट होतं, त्यात आकडा घटतो, थोडं उष्णतेत जातं. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत 'रेटेड' म्हणून खरा आकडा असतो. 20 हजारांच्या मागे साधारण 12 हजार निघेल. घेताना उलटी करून बघायची, टोमॅटो बघतो तशी."

आणि उलटी केलीच आहे तर तिथेच बीआयएसचा आर नंबर शोधायचा. आर, आडवी रेघ, मग आठ आकडे. चार्जरवरही असतो. बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप आहे, त्यात तो घातला की कुणाच्या नावावर नोंद आहे ते दिसतं. गाडीवरच्या दीडशेच्या चार्जरवर कधीकधी नंबर असतो आणि ॲपमध्ये नसतो. मग तो गाडीवरच राहू द्यावा.

दुसऱ्या ओढीला मोठा पुंजका आला, कडेने किंचित पिवळसर.

"हळद," वहिनी ओशाळल्या. मग विषय बदलायला म्हणाल्या, "वकीलबाईंचा तर बादलीत पडला परवा. चांगल्या आंबेमोहोरात दोन दिवस पुरून ठेवला त्यांनी."

"तांदळाने काही होत नाही हो. आयफोनवाल्या ॲपलनेच सांगून ठेवलंय की तांदळात घालू नका, बारीक कण आत जातात. फोन बंद करायचा, भोक खाली धरून हातावर थोपटायचा, वाऱ्याला ठेवायचा आणि पूर्ण वाळेपर्यंत वायर लावायची नाही. लोक नेमकी तीच लावून बघतात. पुढे काय झालं?"

"फोन गेला. तांदळाचा भात केला."

मी काडी थांबवली. हसताना हात हलतो.

मग ओघाने बाकीची गल्ली झाली. समोरच्या मास्तरांना व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली, उघडायला गेले तर फाइलच्या शेपटीला एपीके. पत्रिका म्हणजे फोटो असतो नाहीतर पीडीएफ. एपीके म्हणजे पत्रिका नव्हे, अख्खं बिऱ्हाड फोनमध्ये राहायला येतं आणि बँकेचे ओटीपी वाचत बसतं. मास्तरांनी बोट ठेवलंच होतं, सुनेने फोन हिसकावला म्हणून वाचले. पैसे गेलेच असते तर पहिला फोन 1930 ला करायचा, भावकीला नंतर.

"आमच्या मावशींच्या मुलाने जुना घेतलाय, साडेतीन हजारांना," वहिनी म्हणाल्या. मावशी म्हणजे आमच्या दोघींकडे भांडी घासायला येतात त्या. "बिल नाही, खोकं नाही."

"संध्याकाळी पाठवा त्याला माझ्याकडे. *#06# दाबलं की 15 आकडी आयएमईआय दिसतो. केवायएम लिहून, एक जागा सोडून तो आकडा 14422 ला मेसेज करायचा. चोरीचा म्हणून बंद केलेला असला तर तिथे कळतं. संचार साथीवरही कळतं. हे खरं तर पैसे देण्याआधी करायचं, पण पोरं ऐकतात का?"

"आणि सासूबाईंचं एक सांगायचं राहिलं. साधा बटनांचा फोन, इंटरनेटचा गंधही नाही, आणि दर महिन्याला दिवसाला दीड जीबीचं रिचार्ज मारतोय आम्ही."

हे मात्र मला सहन झालं नाही. गल्ल्यावरची बाई जागी झाली. "अहो, ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये कंपन्यांना सांगितलंय की नुसत्या बोलण्याचं आणि मेसेजचं रिचार्ज वेगळं ठेवा. 2025 पासून मिळतं ते. वर्षभराचंही असतं. ॲपमध्ये पहिल्या पानावर नसतं, खाली खाली जावं लागतं. दुकानदार आपणहून सांगणार नाही."

"म्हणजे हे इतके दिवस..." वहिनींनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि तो सोडून दिला. "जाऊ दे. त्यांना नाही सांगत. नव्या फोनचं बोला. 16 जीबी रॅम आहे त्याला."

"सोळा, की आठ अधिक आठ?"

त्यांनी आठवून पाहिलं. "आठ अधिक आठ."

"मग रॅम आठच. दुसरे आठ साठवणुकीतले उसने घेतात. पाहुणे आले की माळ्यावरच्या गाद्या काढतो तसं. गादी ती गादीच, पण काढायला वेळ लागतो. आणि 67 वॅट लिहिलं असेल तर खोक्यात चार्जर आहे का ते बघा. हल्ली पुष्कळदा नसतो. फोनला 67 झेपतात, याचा अर्थ घरातला जुना 10 वॅटचा चार्जर 67 देईल असा नव्हे."

चौथ्या की पाचव्या ओढीला तळाचा थर अख्खा सुटून आला. नखाएवढा, करडा, घट्ट. वीजबिलावर ठेवला तर त्या 381 च्या आकड्यावर बरोबर बसला. बॅटरी मारून पुन्हा आत पाहिलं. तळाशी धातू चमकत होता.

"घरातून तुमची वायर आणा."

वायर आली. आमच्या पडवीतल्या बटणाला लावली आणि टोक फोनमध्ये घातलं. टक् असा आवाज झाला. बारीकसाच, पण दोघींनाही ऐकू आला. मी फोन उचलला, उलटा केला, हलवला, वायरला धरून झोका दिला. पडद्यावर वीज चमकली आणि आकडा आला, 9 टक्के. बोलता बोलता 10 झाला.

मला वाटलं, वहिनी आता टाळी देतील. त्या फोनकडे बघत राहिल्या. मग जास्वंदीचं एक पान तोडून त्याची घडी घालत बसल्या.

"छानच झालं की," त्या म्हणाल्या.

"झालं ना."

"बॅटरी टिकेल अजून?"

"उन्हात, गॅसजवळ ठेवू नका, रात्रभर उशीखाली घालून चार्ज करू नका. दोन वर्षं सहज काढेल."

"दोन वर्षं," वहिनी म्हणाल्या. आतून दादांनी हाक मारली, चहा झालाय का म्हणून. वहिनींनी मान वळवून "आले, आले" म्हटलं आणि भिंतीवरून एवढ्या पुढे वाकल्या की कढीपत्ता त्यांच्या केसांत अडकला.

"ताई, एक विचारू? ते... परत नाही का हो बसवता येणार? फक्त आज रात्री बारापर्यंत."

मी वीजबिलाचा तो कोपरा फाडला, अंगाऱ्याची बांधतात तशी पुडी बांधली आणि दातकोरण्यासकट भिंतीवरून त्यांच्या हातात दिली.