कन्व्हर्टरकाका

प्रत्येक सोसायटीत एक कन्व्हर्टरकाका असतात. पूर्वी याच जागी फ्यूज बांधून देणारे काका असत. एमसीबी आले नि त्यांनी मोर्चा फायलींकडे वळवला. आमच्याकडचे काका बँकेतून निवृत्त झालेले. पस्तीस वर्षं या रजिस्टरातलं त्या रजिस्टरात उतरवण्यात गेली, त्यामुळे हात शिवशिवतात.

आत मजकूर काय आहे, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. तुम्ही जड चेहऱ्याने आजोबांचं मृत्युपत्र घेऊन जा, पहिला प्रश्न ठरलेला : "वर्ड की पीडीएफ?" वर्ड म्हटलं की उघडं राहिलेलं दूध दिसावं तसे ते चुकचुकतात. "वर्डमध्ये कुणीही हात घालेल. पीडीएफ म्हणजे रजिस्ट्री झालेला दस्त!" मग फाईल कुठल्याशा फुकट संकेतस्थळावर चढते, निळी पट्टी सरकू लागते आणि काका कुकरच्या शिट्ट्या मोजाव्यात तसे टक्के मोजतात.

कधी सोसायटीची नोटीस असते आणि दुसऱ्या दिवशी त्या दस्तात सभेची तारीखच चुकलेली सापडते. मग पीडीएफची परत वर्ड.

इथे मराठीचे हाल सुरू होतात. १९९३ साली अडोबीने पीडीएफ आणली ती कागद सगळीकडे सारखाच दिसावा म्हणून. कुठलं अक्षर कागदावर नेमकं कुठे बसवायचं, याचा हिशेब तिच्याकडे चोख. शब्द कसा जुळला याची फिकीर तिला फारशी नसते. इंग्रजी त्यातून धडधाकट बाहेर येते. आपली पहिली वेलांटी मात्र बोलताना व्यंजनाच्या मागे आणि दिसताना पुढे. परतीच्या प्रवासात ती शेजाऱ्याच्या गळ्यात पडते. गेल्या वार्षिक सभेची नोटीस अशीच आली : 'सिमतीच्या वतीने सिचव.' दोन नंबरच्या आजींनी विचारलं, "हे सिचव बिनविरोध आले का?" काका म्हणाले, "फॉर्मॅट बघा ना, समास जागचा हललेला नाही!"

एकदा बिल्डरचं जुनं पत्र उघडलं तर स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. युनिकोडच्या आधीच्या फाँटमधलं मराठी ते. फाँट नसेल तर मराठीचा बुरखा गळून खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. काकांनी तेही पीडीएफ करून दिलं. चिवडा आता कायमचा सुरक्षित आहे.

पण खरा रंग चढतो तो अर्जाच्या शेवटच्या दिवशी. रात्री दहाला तिसऱ्या मजल्यावरची मुलगी धावत येते. बँकेची परीक्षा, फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २०. फोटो आहे तीन एमबीचा. काका बाह्या सरसावतात, दाबतात, आणखी दाबतात. १४ केबी! "काका, निदान वीस हवेत." "थांब, जरा फुगवतो." पावणेबाराला ४८ केबीवर गाडी थांबते. फोटोतली मुलगी तोवर जुन्या रेशनकार्डावरच्या आजीसारखी धूसर झालेली असते, पण अर्ज जातो. खोटं कशाला बोलू, त्या रात्री काकांच्या पाया पडावंसं मलाही वाटलं.

मोबदला ते घेत नाहीत, चहासुद्धा नाही. फक्त प्रत्येक फाईलची एक प्रत ठेवतात, बँकेची सवय. त्यांच्या डेस्कटॉपवर साऱ्या इमारतीची आधार कार्डं, पॅन कार्डं, भाडेकरार आणि एक घटस्फोटाचा मसुदा 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'फायनल खरी' अशा नावांनी गुण्यागोविंदाने नांदतात.

परवा धीर करून विचारलं, "काका, हे सगळं त्या साइटवर चढतं, ते जातं कुणाच्या कॉम्प्युटरवर?"

"दोन तासांत पुसून टाकतात. खाली लिहिलेलंच असतं."

"यात तुमचं आधार दिसत नाही?"

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "ते कपाटात आहे. लॅमिनेट केलेलं. असल्या गोष्टी इंटरनेटवर चढवत नसतात रे."