प्रक्रिया सुरू आहे

आमच्या तालुक्याला सरांची कमी नाही. क्लासवाले सर आहेत, कराटेवाले सर आहेत, ड्रायव्हिंग स्कूलचेही सर आहेत. पण स्टँडवर कुणी नुसतं ‘सर कुठं गेले?’ असं विचारलं, तर रिक्षावाला न चुकता एकाच माणसाकडे बोट दाखवतो. या सरांचं सेवापुस्तक अजून उघडलेलं नाही. बी.एड. होऊन सोळा वर्षं झाली.

माझं झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे सरचं सगळं आयुष्य माझ्या मशिनच्या काचेवर पालथं पडून गेलेलं आहे. आम्ही बरोबरीचे, म्हणून मी अरे-तुरे करतो. पण नाव घ्यायची सवय मोडली. ‘काय रे सर’ अशीच हाक जाते.

मुळात त्याला फौजदार व्हायचं होतं. त्यासाठी उंची पाहिजे १६५ सेंटिमीटर, आणि सर भरला १६३. दोन सेंटिमीटरसाठी त्याने सहा महिने आंब्याच्या फांदीला लोंबकळून पाहिलं. फांदी वाकली, सर तेवढाच राहिला. तोवर हातात बी.एस्सी.ची पदवी पडली होती. साल २००८.

त्या काळी मास्तर व्हायचा सरळ रस्ता म्हणजे बारावीनंतर डी.एड. मुलीच्या बायोडेटावर ‘डी.एड.’ असलं की मुलाकडचे चहा न फुंकता प्यायचे. पण पदवी घेऊन बसलेल्याने मागे जाऊन बारावीच्या पोरांच्या रांगेत उभं कसं राहायचं? त्याच्यासाठी बाजूची वाट होती, बी.एड. तेव्हा एक वर्षाचं होतं. २०१५ पासून ते दोन वर्षांचं झालं, आणि आपलं एक वर्ष वाचलं याचा आनंद सर आजही व्यक्त करतो. वाचलेल्या त्या एका वर्षाचं पुढे काय केलं, हे मी विचारत नाही.

बी.एड.ने सरला एकच गोष्ट कायमची दिली, ती म्हणजे बोलायची रीत. सूक्ष्म अध्यापनाचे पाठ त्याच्या अंगात इतके मुरले की माणूस साधं बोलायचाच विसरला. आधी प्रस्तावना, मग हेतुकथन, मग विषय, आणि समोरच्याने तोंड उघडलं की प्रबलन. एकदा मंडईत मी त्याच्याबरोबर होतो. मेथीची जुडी हातात घेऊन हा म्हणतो,

“मावशी, थंडीच्या दिवसांत आपण कोणकोणत्या पालेभाज्या खातो?”

“मेथी,” मावशी म्हणाली.

“शाब्बास! आणखी?”

“चाकवत.”

“फार छान! बरं, या दोन्हींपैकी आज आपल्यासमोर कोणती आहे?”

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

“तर आज आपण मेथीच्या भावाचा विचार करणार आहोत.”

“दहाला एक. घ्याची का नाय?”

सरने दोन जुड्या घेतल्या. वर जाताना “तुमचा सहभाग चांगला होता” असं सांगून आला.

त्याच्या घरात खुंटीवर गुंडाळफळा आहे, कपाटावर खिसेफलक आहे, आणि बी.एड.च्या पाठांची टाचणवही देवघराखालच्या फडताळात. छात्रसेवाकालात ज्या शाळेत त्याला पाठ घ्यायला पाठवलं होतं, तिथल्या एका गुरुजींनी त्या वहीत लाल पेनाने शेरा मारलाय : ‘फलकलेखन सुधारावे. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही.’ सरने त्या पानाची झेरॉक्स काढून भिंतीला चिकटवली. अपमान म्हणून नव्हे हं. त्याच्या अध्यापनाची कुणीतरी घेतलेली ती एकमेव लेखी दखल होती.

मग तो एका संस्थाचालकांकडे गेला. कुठल्या ते सांगत नाही, कारण नाव बदललं तरी संवाद तोच असतो. प्रमाणपत्रं बघून साहेब म्हणाले, “गुणवत्ता आहे. पण आपल्याला दोन खोल्या बांधायच्यात.” सर भोळा. म्हणाला, “बांधा ना साहेब, मुलांची सोय होईल.” खोल्या त्याने बांधायच्या आहेत हे त्याला घरी आल्यावर आईने समजावलं. तीन एकरांतलं एक एकर विकलं असतं तर एक खोली उभी राहिली असती, तीही पत्र्याची.

त्यावर त्याने एका इंग्लिश मिडियममध्ये विज्ञान शिकवायला घेतलं. पगार इतका की तो महिन्याच्या शेवटी न देता मध्येच कधीतरी खिशातून काढून देत. तिथे माझी एक चुलतबहीण बालवाडीला होती. बी.कॉम. झालेली, अध्यापनाचा कसलाच कागद नाही. २०१७ मध्ये कायदा बदलला : प्रशिक्षण नसलेल्यांनी ३१ मार्च २०१९ च्या आत पात्र व्हा, नाहीतर घरी बसा. तोवर ती पहिलीच्या वर्गावर गेली होती, म्हणून राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या अठरा महिन्यांच्या डी.एल.एड.ला बसली. संपर्क वर्गांना जायचं आणि उरलेला अभ्यास टीव्हीवरच्या वाहिनीवर बघायचा. आमच्या घरी मालिकेच्या वेळेला बालमानसशास्त्र लागायचं. तिला आधी नोकरी मिळाली, मग शिक्षण. सरचं शिक्षण पुरं होऊन नोकरी यायची होती. दोघं एकाच स्टाफरूममध्ये डबा खात. सर तिला निबंधाच्या कामात मदत करायचा. ती पास झाली. सर शाळेतून सुटला, कारण त्याने पगाराची तारीख विचारली.

आता परीक्षांचं सांगतो. इथे मला नीट सांगावं लागेल, कारण सरच्या आईला अजून कळलेलं नाही. २०१२ मध्ये भरती थांबली, आणि पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात पुण्याच्या परीक्षा परिषदेने पहिली टीईटी घेतली. शिक्षक पात्रता परीक्षा. गुण १५०, पास व्हायला खुल्या गटाला ९०. पहिल्याच वर्षी बहुतेकांचं पानिपत झालं. सरला ८९. एका गुणासाठी त्याने उत्तरसूचीवर आक्षेप घेतला, सोबत तीन पुस्तकांच्या झेरॉक्स जोडल्या, चौथ्या पुस्तकाचं मुखपृष्ठ रंगीत. उपयोग झाला नाही. पुढच्या खेपेला तो पास झाला. प्रमाणपत्र घेऊन दुकानात आला आणि म्हणाला, “लॅमिनेशन कर. पण सात वर्षं टिकेल एवढंच. मुदत सात वर्षांची आहे.” २०२१ च्या जूनमध्ये केंद्राने मुदत काढून टाकली, प्रमाणपत्र जन्मभराचं झालं. सर पुन्हा आला. “आता जाड मायक्रॉनचं.” मी म्हटलं, अरे सर, लॅमिनेशनवर लॅमिनेशन होत नाही, आत हवेचे फुगे राहतात. तो म्हणाला, “राहू दे. जन्मभराचं आहे, थोडीफार हवा लागणारच.”

टीईटी झाली की काम झालं असं आईला वाटलं. तेवढ्यात २०१७ मध्ये टेट आली. अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, २०० गुणांची, संगणकावर. ‘टीईटी’ वेगळी आणि ‘टेट’ वेगळी, हे सरने आईला ओसरीवर बसून गुंडाळफळ्यावर समजावलं. टीईटी म्हणजे तू पात्र आहेस का. टेट म्हणजे तू किती योग्य आहेस. आईने शेंगा फोडता फोडता ऐकून घेतलं.

“पात्र झालास ना?”

“झालो.”

“मग योग्य कधी होणारेस?”

“प्रक्रिया सुरू आहे,” सर म्हणाला.

हे त्याचं पालुपद. मुलगी बघायला गेल्यावर तिच्या वडिलांनी “नोकरी?” एवढंच विचारलं, तरी हेच उत्तर. गृहस्थ शहाणे होते, म्हणाले, “मग आमचीही प्रक्रिया सुरू ठेवतो.” दोन वर्षांनी त्याच मुलीच्या बाळाच्या बारशाचं आमंत्रण माझ्याच दुकानात छापलं गेलं. सरने त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका काढून दिल्या.

टेट २०१७ ला झाली, पुढची थेट २०२३ ला, त्यापुढची २०२५ ला. कुंभमेळ्याचं तरी आधी कळतं. जागा ‘पवित्र’ नावाच्या पोर्टलवर भरतात. त्यावर प्राधान्यक्रम भरताना सर चार रात्री माझ्या दुकानात बसला होता. मुलाखतीशिवायच्या जागा एकीकडे, मुलाखतीसहच्या संस्था दुसरीकडे. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत सगळी गावं त्याला पाठ झाली. कुठे एसटी मुक्कामी असते, कुठे नदीला पूल नाही, हे तो तिथल्या माणसापेक्षा छान सांगतो. नेमणूक कुठेच नाही, पण महाराष्ट्राचा भूगोल पक्का.

मधल्या काळात एक झुळूक आली होती. २०१८ मध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने सांगितलं की बी.एड.वाल्यांनाही पहिली ते पाचवीला घ्या, नंतर सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम करून घ्या. म्हणजे डी.एड.वाल्यांच्या सरळ रस्त्यावर बी.एड.ची आडवाट येऊन मिळाली. सरने तयारीत कसूर केली नाही. दिवसभर हायस्कुलाचं विज्ञान डोक्यात असलेला माणूस बडबडगीतं पाठ करायला लागला, तीही हावभावांसकट. माझ्या काउंटरवर फॉर्म भरायला आलेल्या तलाठ्यासमोर त्याने ससा करून दाखवला. सशाचे कान फार चांगले जमले होते. मग ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालणार नाही, लहान मुलांना शिकवायचं शिक्षण वेगळं असतं. निकाल वाचून सर गप्प बसला. मग म्हणाला, “मुद्दा बरोबर आहे. मला सुद्धा ससा करताना घाम यायचा.” हे त्याचं मला आवडतं. स्वतःच्या विरुद्ध गेलेल्या निकालालाही तो पूर्ण गुण देतो.

दरम्यान त्याने नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची डी.एस.एम. केली. शालेय व्यवस्थापन पदविका. ही मुख्याध्यापक होणारे लोक करतात. मी म्हटलं, अरे, शाळा नाही, वर्ग नाही, व्यवस्थापन कशाचं करणार? तो म्हणाला, “बढतीच्या वेळी धावपळ नको.”

आणि शिकवण्याचं म्हणाल तर तो शिकवतोच की. माझ्या दुकानावरच्या खोलीत स्पर्धा परीक्षांचा वर्ग घेतो. त्याच्याकडे शिकलेली एक मुलगी टेटमध्ये गुण काढून २०२४ मध्ये शिक्षणसेवक झाली. पेढे घेऊन आली, सरच्या पाया पडली. तीन वर्षं मानधनावर, महिना १६,००० रुपये, मग कायम. सरने डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, “टाचण रोज काढतेस ना?” ती गेल्यावर पेढ्याचा अर्धा तुकडा बराच वेळ त्याच्या हातातच होता. मी प्रिंटरमध्ये कागद घालत बसलो.

मग आला २०२५ चा सप्टेंबर. पहिल्याच तारखेला न्यायालयाचा आणखी एक निकाल : निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त राहिलेल्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हा. वीस-वीस वर्षं वर्गावर घालवलेली माणसं हादरली. कुणाच्या गृहकर्जाचे हप्ते, कुणाच्या मुलीचं लग्न, आणि मध्येच बालमानसशास्त्राचे तीस गुण. संघटना मोर्चे काढत होत्या, आणि मोर्चाहून परत येताना लोक हळूच माझ्या जिन्याकडे वळत होते. अख्ख्या तालुक्यात टीईटीच्या अभ्यासक्रमात बारा वर्षं सलग राहिलेला एकच माणूस होता.

खोली पुरेना. जिल्हा परिषदेचे गुरुजी, हायस्कुलात सहावी-सातवी घेणारे सर, दोन बाई, सगळे सतरंजीवर. महिना पाऊण-पाऊण लाख पगार घेणारी माणसं एकमेकांच्या वहीत बघून लिहायची. सर मात्र प्रत्येकाला प्रबलन द्यायचा. “शाब्बास गुरुजी! आणखी?”

तिसऱ्या दिवशी पन्नाशीचे एक गृहस्थ चपला काढून दारातच थांबले. मी वर चहा द्यायला गेलो होतो. सरचा हात फळ्यावर थबकला. भिंतीवर त्याच्या मागेच ती झेरॉक्स चिकटवलेली होती; घरची भिंत सोडून त्याने ती वर्गात आणली होती. गुरुजींनी चष्मा वर करून आपलंच अक्षर ओळखलं.

“येऊ का, सर?”

“या ना गुरुजी, या. पुढे बसा.”

“नको,” गुरुजी म्हणाले, “शेवटी बसतो. आवाज पोचतो का बघतो.”

वर्ग संपल्यावर सर खाली आला. सराव पेपर हातात.

“किती काढू?”

“बावीस आहेत. तेवीस काढ.”

“तेविसावी कुणाची?”

“माझी. नोव्हेंबरच्या परीक्षेचा फॉर्म भरलाय.”

“अरे सर, तू जन्मभराचा पास आहेस!”

“आहे ना. पण भरतीला खुल्या गटात वय अडतिसाला अडतं, मला या वर्षी अडतीस पूर्ण झाली. मागे दोनदा सवलत मिळाली होती, पुन्हा मिळाली तर तयारी असलेली बरी.” त्याने खिशातून पासपोर्ट फोटो काढला. दहा वर्षांपूर्वीचा, केस काळे असलेला. “एवढा स्कॅन करून ठेव. पन्नास केबीच्या आत बसव.”