समुद्र : 20 मिनिटे (फोटोसह)

पत्रक गुळगुळीत कागदाचं आहे. वर गेटवे ऑफ इंडिया, खाली साईबाबा आणि दोघांच्या मधून धावणारी पांढरीशुभ्र बस. 'ऐतिहासिक बंदरनगरी मुंबई दर्शन, तेथून पुढे आरामदायी कोचने शिर्डी. धाराशिव ते धाराशिव, चहा-नाष्टा-जेवणासह.' इथवर तक्रार नाही. पण उलट बाजूला वेळापत्रक छापलंय आणि त्यात एक ओळ आहे : 'समुद्र दर्शन – 20 मिनिटे (फोटोसह).'

कंस पुन्हा वाचा. 20 मिनिटं समुद्र आणि वर फोटोसाठी वेगळी सवड, असं नाही. फोटो त्यातच. बसमध्ये 40 माणसं धरली तर माणशी अर्धं मिनिट समुद्र येतो. त्या अर्ध्या मिनिटात गॉगल चढवायचा, पोट आत घ्यायचं, पदर सारखा करायचा, 'आता माझा काढ' म्हणायचं आणि पोराला कठड्यावरून खाली ओढायचं. शिवाय फोटोत समुद्र यायचा तर माणसाला समुद्राकडे पाठच करावी लागते. म्हणजे उरलेला समुद्र मोबाइलनं पाहायचा आणि माणसानं तो शिर्डीच्या वाटेवर, कसाऱ्याच्या आसपास, मोबाइलमध्ये पाहायचा.

आमच्या जिल्ह्याचा पाण्याशी संबंध टँकरपुरता. उन्हाळ्यात नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे लिहून कुणाला खजील करायचं नाही, पण आलं की पाऊण तास तरी राहतं. अरबी समुद्र त्याहून कमी वेळ येणार! मी पत्रकावरच्या नंबराला फोन केला. पलीकडचा पोरगा मोठा समजूतदार निघाला. म्हणाला, "काका, जास्त थांबून काय करलालाव तितं? पाणी खारंय."

त्याच वेळापत्रकात आणखी एक ओळ आहे : 'भोजन थांबा – 45 मिनिटे.' सवा दोन समुद्र बसतील एवढा वेळ शेवभाजीला. हा थांबा कुठं असतो, कुणाच्या मर्जीनं असतो आणि ड्रायव्हर-क्लीनरला आतल्या खोलीत फुकट काय वाढतात, हे वाचकांना मी सांगायला नको. खेरीज परतीला 'चिक्की व सुकामेवा खरेदी – 30 मिनिटे'. त्यात कंस नाही. काजू मनसोक्त बघून घ्या, फोटोचा वेळ कापणार नाहीत.

ज्याच्यासाठी गेटवे बांधायचं ठरलं, त्या इंग्लंडच्या राजाचंही बंदरदर्शन असंच झालं म्हणा. पाचवे जॉर्ज 1911च्या डिसेंबरात सपत्नीक उतरले तेव्हा कमानीचा दगडसुद्धा बसलेला नव्हता. त्यांना पुठ्ठ्याची कमान दाखवली. पायाभरणी 1913 साली, उद्घाटन 1924 साली. राजालाही कुणीतरी पॅकेजच विकलं असणार आणि पुठ्ठ्याची कमान कंसात छापली असणार. पण इंग्रजांचं शेवटचं पलटण 28 फेब्रुवारी 1948 रोजी याच कमानीखालून गेलं ते वाजतगाजत, संचलन करत, सलामी घेत. देश सोडून चाललेल्यांना इतका निवांतपणा, आणि देशात राहिलेल्यांच्या कानाशी क्लीनरची शिट्टी : 'चला चला, एमएच पंचवीसवाले, गाडी निघाली!'

बंदर आणि पुढचा गाडीप्रवास हे प्रकरण आमच्या मुलखाला नवीन नाही. जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा अनाम ग्रीक व्यापाऱ्यानं समुद्रमार्गांची वही लिहिली, 'पेरिप्लस' म्हणतात ती. त्यात आमचं वेळापत्रक आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. माल गाड्यांत भरून जायचा : साधं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल. आणि वाटेत धड रस्ते नाहीत, हेही त्यानं नोंदवून ठेवलंय. तक्रारवही दोन हजार वर्षं भरत आली, पण शेरा कुणी मारलेला नाही. तेरला लामतुरे संग्रहालयात एक हस्तिदंती बाहुली आहे. तिच्या जातीची मूर्ती पार इटलीत, पॉम्पेईच्या राखेखाली सापडली. ते संग्रहालय इथून तासाभराच्या आत आहे, पण पत्रकात नाही. वाटेत चिक्कीचं दुकान लागत नाही, दुसरं काय.

आता कोच. आरामदायी. यात आराम कुणाला, ते बघा. रात्री दीड वाजता गाडी थांबते, दिवे भसकन लागतात आणि क्लीनर ओरडतो, "दहा मिनिटं!" बायका उतरतात. पुरुषांचं काय, त्यांना अख्खा महाराष्ट्र मोकळा. बायकांसाठी हॉटेलामागं एक पत्र्याचं दार, त्याला कडी नाही, आत दिवा नाही, नळाला पाणी नाही आणि बाहेर टेबल टाकून बसलेला माणूस मात्र आहे, सुट्टे पैसे मागायला. एकीनं दार धरायचं, दुसरीनं मोबाइलचा उजेड. रांगेत पासष्टीची मावशी असते, तिला मधुमेह असतो, ती प्रवासाच्या आदल्या दुपारपासून पाणी पीत नाही. हे घराघरांत माहीत आहे आणि घराघरांतले पुरुष 'गाडी चांगली होती, एसी होता' म्हणून मोकळे होतात. सीटमागं चार्जिंगचं भोक आहे, वर निळे दिवे आहेत, पडद्यांना झालरी आहेत, खिडकीवर सिंहाचं चित्र आहे, आणि पाण्याविना राहिलेल्या बाईसाठी एक कडी लावलेलं दार तिकिटात बसत नाही! बसत नसेल तर तो सिंह खरवडून काढा आणि त्या पैशाची कडी घ्या.

परतीचं तर विचारूच नका. पत्रकात 'धाराशिव ते धाराशिव' असलं तरी पहाटे चारला धाराशिव बायपासच्या पुलाखाली संपतं. "गावात जात न्हाई गाडी, हितंच उतरा." मावशी, दोन पिशव्या, साईंचा फोटो आणि झोपलेला नातू सर्व्हिस रोडवर. कुत्री उठून बघतात. रिक्षावाला एकच असतो आणि त्याला आपण एकटेच आहोत हे ठाऊक असतं, त्यामुळं घरापर्यंतचा दर ऐकून मुंबईचं तिकीट स्वस्त वाटायला लागतं.

आणि इतकं झाल्यावर तीच गाडी वळते आणि गावात जाते. हो, जाते! डिकीत पार्सलं असतात ना. औषधांची खोकी, मोटारीचे सुटे भाग, साड्यांचे गठ्ठे. ते पुलाखाली कसे टाकणार? त्यांची पावती असते, त्यावर पत्ता असतो, घेणारा सही करतो. तगरचं कापड बैलगाडीत होतं तेव्हापासून माल महत्त्वाचा आणि बाकीचे आपले मधूनमधून उतरून पाय मोकळे करणारे. मी पुन्हा फोन लावला. विचारलं, सीट राहू द्या, पार्सलच्या भावात नाव लिहा, किलोमागं काय पडेल? पोरगा थोडा वेळ गप्प झाला. मग म्हणाला, "काका, जमंल. पण मग समुद्र धरायचा न्हाई त्यात."