साहेबाचा रस्सा

लालबाग-परळच्या जुन्या चाळींत हा माणूस हमखास सापडतो. शिक्षण जुनी मॅट्रिक. इंग्रजी निम्मं तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतलं, निम्मं गिरणीतलं. आपण त्याला स्पेलिंगआबा म्हणू. सलग चार वाक्यं इंग्रजीत बोलायची वेळ आली की आबांना नेमकं दूध आणायला खाली जायचं असतं. पण तीन-चार अक्षरांचा एखादा इंग्रजी शब्द कुणाच्या तोंडून निसटू द्या, आबा खुर्ची पुढे ओढतात आणि विचारतात, "कुठल्या अर्थानं?"

शब्दकोशातला पहिला अर्थ नवशिक्यांसाठी, खरा अर्थ शेवटी बारीक टायपात, असं त्यांचं ठाम मत. याचं मूळ आबांच्या गिरणीतल्या सायझिंग खात्यात आहे. 'साइझ' म्हणजे तुमच्या-आमच्या लेखी आकार. आबांच्या लेखी खळ. ताण्याचं सूत साच्यावर चढवण्याआधी त्याला खळ पाजायची. मक्याचा नाहीतर बटाट्याचा स्टार्च, कधी चिंचोक्याची पूड, सूत मऊ राहावं म्हणून थोडी चरबी. खळ नसेल तर घासून घासून सूत तुटतं. 'शेड'चंही तसंच. जगाला पत्र्याची शेड दिसते. आबांना दिसते ती ताण्याचे काही धागे वर आणि काही खाली गेल्यावर मध्ये पडणारी फट, जिच्यातून धोटा पळतो. 'रीड' म्हटलं तर नातवानं पुस्तक उघडलं. आबांनी फणी शोधली.

एवढ्या भांडवलावर आबांना एकदा फिनिक्सला नेलं. १९०५ सालची गिरणी, आता मॉल. सदऱ्यांच्या दुकानातल्या मुलीनं अदबीनं विचारलं, "अंकल, साइझ?"

आबांनी कापड दोन बोटांत चोळलं. "जास्त झालीय. एका धुण्यात निम्मी उतरेल."

मुलीनं एकदा त्यांच्या पोटाकडे पाहिलं. "नाही हो अंकल, असं लगेच नाही उतरत. एक्स्ट्रा लार्जच घ्या."

'ई' या अक्षरावर आबांचा विशेष जीव. नातवानं निबंधात लिहिलं की आजोबांचे मित्र डाइंग खात्यात होते, आणि स्पेलिंगमधला ई खाल्ला. आबा कडाडले, "रंगारी होते ते! तू त्यांना मरणपंथाला लावलंस!" मग त्याच्यापुढे बॉम्बे डाइंगचा दाखला. १८७९ पासूनची कंपनी, पण ई कधी सोडला नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आबांच्या गिरणीतलं डाइंग खातं कायमचं थंडावलं, तेव्हाही पाटीवरचा ई जागेवर होता, हे आबा आजही अभिमानानं सांगतात. पगाराचं काय झालं ते सांगत नाहीत.

करी रोडचीही तीच कथा. कुणी पाव्हणा "इथं करी चांगली मिळत असेल" म्हणाला की संपलं. करी हे रेल्वेच्या एका गोऱ्या अधिकाऱ्याचं नाव, आणि त्यात वायच्या आधी ई आहे. "तो ई काढला की साहेबाचा रस्सा होतो," हे आबांचं ठरलेलं वाक्य. फोर्टातला मिंट रोड पुदिन्याचा नव्हे, टांकसाळीचा. कॉटन ग्रीनमधला ग्रीन हिरवा नव्हे, गासड्या पडायच्या त्या मैदानाचा. हे सगळं ते फलाटावर सांगतात, तेही गाडी आल्यावर. एकदा दादरला एका नवख्यानं विचारलं, "एस लिहिलंय, म्हणजे स्लोच ना?" आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पहिला एस असेल तर कर्जत, कारण ती आग्नेयेची लाइन. कसाऱ्याला एन, कारण ती ईशान्येची. स्लोचा एस त्याच्यानंतर. माणसाला विषय पूर्ण समजला. कर्जत तोवर माटुंग्याला पोचली होती.

मराठी पाट्यांचा कायदा २०२२ साली कडक झाला, पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टानंही दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. आबा खूश. मग दादरला रानडे रोडवर एका पाटीवर 'सेल' वाचलं आणि थबकले. साड्यांचा की घड्याळाचा? इंग्रजांनी दोघांना वेगळी बिऱ्हाडं दिली होती. आपण दोघांना दहा बाय दहाच्या एका खोलीत कोंबलं. तरी देवनागरीवर त्यांचा राग नाही. शिसं असेल तर लेड, पुढारी असेल तर लीड, हे आपली लिपी न विचारता सांगते. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र आधी अर्थ कळावा लागतो, मग उच्चार. "उलटा कारभार," आबा म्हणतात, आणि त्यातच त्यांना मजा येते.

परवा नातीनं बातमी आणली. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात १९८९ साली 'सेट' सगळ्यांत पुढे होता, चारशेतीस अर्थ. आता 'रन' पुढे गेलाय. नुसत्या क्रियापदाचेच सहाशे पंचेचाळीस.

"वाच," आबा म्हणाले.

पळणं. आबांनी हात हलवला. यंत्र चालणं. पुढे. निवडणुकीला उभं राहणं. पुढे. चहा दोनदा झाला. नात कंटाळून मधले अर्थ गाळायला लागली, तेवढ्यात एक सापडला: पायमोज्याचा एखादा टाका सुटून वरपासून खालपर्यंत उसवत जाणं.

"हां!" आबांनी मांडीवर थाप मारली. "हा लिहून घे. बाकीचे सहाशे चव्वेचाळीस पोरासोरांना."