सूर्य कुठं पळून जातोय?

गच्चीवर सोलर बसवायचं ठरलं की घरात आठवडाभर तीनच विषय चालतात. सबसिडी किती, युनिट किती पडणार आणि पैसे किती वर्षांत सुटणार. २०२४ साली पंतप्रधान सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये मिळतात हे कर्णोपकर्णी झालं, आणि तेव्हापासून आमच्या कट्ट्यावरची निवृत्त मंडळी किलोवॅटमध्ये बोलू लागली. ज्यांनी जन्मभर उडालेला बल्ब बदलायलाही वायरमन बोलावला, ते आता 'मोनो' आणि 'बायफेशियल' यांतला फरक समजावून सांगतात. सूर्याची अशी चौकशी सगळेच करतात. वाऱ्याचं नाव मात्र कोणी काढत नाही.

ते पहिल्यांदा काढलं आमच्या फिटरनं. पंचविशीतला पोरगा, कमी बोलणारा. मी त्याला अक्षांश ऐकवत होतो. पुण्याचा अक्षांश साडेअठरा, म्हणजे पॅनेलला कल साधारण तेवढाच, तोंड दक्षिणेला, हे मी वाचून ठेवलं होतं. शिवाय मेच्या मध्यात शून्य सावलीचा दिवस येतो आणि तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, मग तेवढे दिवस दक्षिणेकडे तोंड करून बसलेल्या पॅनेलनं करायचं काय, अशी शंकाही तयार होती. त्यानं ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"त्यातलं निम्मं तर आभाळच असतं, काका," तो म्हणाला. "आणि सूर्य कुठं पळून जातोय? पळालं तर पॅनेल पळतं."

असं म्हणून त्यानं माझा साडेअठराचा कल बारावर आणला. वर्षाकाठी विजेत पडणारा फरक अगदी थोडा, पण मागून शिरणाऱ्या वाऱ्याला जागा बरीच कमी मिळते. फार सपाट ठेवलं तर पावसाचं पाणी धूळ वाहून नेत नाही, खालच्या कडेला चिखलाची पट्टी धरते. म्हणून बारा.

एक पॅनेल म्हणजे साडेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद आणि अठ्ठावीस किलोच्या आसपास वजनाचं. बिजागरीतून काढलेलं दारच, फक्त काचेचं. उत्तरेची कड उचलून ते तिरकं ठेवलं की मागून आलेला वारा खाली शिरून वर ढकलतो आणि वरून जाणारा वारा त्याला आपल्याकडे ओढतो. आयएस ८७५ नावाच्या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, मुंबई-नागपूरसाठी ४४. ३९ मीटर म्हणजे ताशी १४० किलोमीटर. असा झोत रोज येत नाही, पन्नास वर्षांत एखाद वेळी यावा असा तो. पण पॅनेल पंचवीस वर्षं वर राहणार असतं, त्यामुळे 'आपल्या वेळी नाही येणार' म्हणायची सोय नाही. वेगाचा वर्ग करून त्याला ०.६ नं गुणलं की चौरस मीटरवरचा दाब निघतो. इमारतीची उंची, आजूबाजूची झाडी यांनी तो कमी-जास्त होतो, कोपऱ्यांशी आणि कडांशी तर चांगलाच वाढतो. मी आपला ढोबळ हिशेब मांडला, तर एका पॅनेलवर सव्वादोनशे किलोहून जास्त जोर आला. ज्या वहीत सबसिडी मांडली होती, त्याच पानावर. पान उलटलं आणि चहा मागवला.

खरी लढाई मात्र उंचीवरून झाली. हिचं म्हणणं, पॅनेल जमिनीलगत बसली तर कुरडया घालायच्या कुठे? कोजागरीला माणसं बसायची कुठे? सध्या सगळीकडे आठ-दहा फुटांचे खांब उभारून वर पॅनेलचा मांडव घालतात, खाली गच्ची मोकळी राहते. दिसायला झकास. पण उंची वाढली की वाऱ्याचा हात लांब होतो, खांबाच्या बुडाशी पीळ वाढतो, आणि मग खांबाखांबांमध्ये तिरके टेकू मारावे लागतात. हे टेकू कोणालाच आवडत नाहीत. डोक्याला लागतात, कपडे वाळत घालायच्या दोरीच्या आड येतात, फोटोत वाईट दिसतात. म्हणून पुष्कळ मांडव टेकूंशिवायच उभे आहेत आणि वळवाचा पाऊस येईतो छान दिसतात.

तह असा झाला की पॅनेल दक्षिणेच्या अर्ध्या भागात, कठड्यापासून आत आणि बेताच्या उंचीवर. उत्तरेचा अर्धा भाग कुरडयांना. सिमेंटच्या चबुतऱ्यांत खांब रोवायचे, चबुतरे स्लॅबला पक्के धरलेले आणि पावसाचं पाणी त्यांच्यामधून वाहून जाईल असे. भोकं कुठे पाडणार, हे मी विचारायच्या आत हिनं विचारलं. मराठी माणसाला गच्ची उडाली तर दुःख होईल, पण गळली तर ते पिढ्यानपिढ्या पुरतं. कोब्याला भोक पडणार म्हटल्यावर आमच्या घरात पुढचं बोलणं थांबलं. अँकरभोवती रसायन कसं भरतात, वरून वॉटरप्रूफिंग कसं करतात, हे तिनं शेजारी उभं राहून करून घेतलं. त्या चार दिवसांत कारागिरांना चहाही तिथेच मिळाला, म्हणजे नजर हलायला नको.

दापोलीचे माझे मेहुणे बघायला आले तेव्हा त्यांनी पॅनेलकडे पाहिलंच नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा दापोलीकडेही पत्रे, कौलं, माड सगळं गेलं होतं. त्यांनी खाली बसून प्रत्येक बोल्टला हात लावला. "ही पट्टी जस्ताची का रंगाची? स्टेनलेसचा बोल्ट आहे ना?" एवढंच विचारलं. खारा वारा रंगाला महिन्यांत खातो, गॅल्वनाइज लोखंडाला वर्षं लागतात, हे शास्त्र त्यांना घराच्या पागोळ्यांनी शिकवलेलं. युनिटची चौकशी त्यांनी जेवताना केली, तीही शिष्टाचार म्हणून.

बसवायच्या दिवशी पॅनेल सकाळी आठच्या आत वर चढवून घेतली. उन्हाळ्यात दुपारी चारनंतर वारं सुटतं आणि मग हातातलं दार शिडाचं काम करू लागतं. दोन माणसं, दोन टोकं, जिन्याच्या प्रत्येक वळणावर 'थांब, थांब'. कठड्याकडेच्या कामाला एकानं सेफ्टी बेल्ट बांधला होता, हे पाहून मला बरं वाटलं. मग बेल्टच्या दोरीचा आकडा पाहिला, तो पाण्याच्या टाकीच्या प्लास्टिकच्या पाइपला अडकवलेला. आमच्या फिटरनं काही न बोलता तो काढला आणि स्लॅबच्या कॉलममधून वर आलेल्या जाड सळीला लावला. बेल्टवाल्याच्या मनात, 'माणूस पडला तर पडला, वर पाणीही जाईल' हा विचार बहुधा तेव्हाच आला असावा.

जोडणीच्या वेळी मात्र फिटरनं आम्हा सगळ्यांना लांब केलं. घरातल्या विजेचं बटण बंद करता येतं, पॅनेलचं येत नाही. ऊन पडलं की ते चालूच. सहा पॅनेल एकामागे एक जोडली की तीनशे व्होल्टच्या आसपास डीसी तयार होतो. घरातला एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून त्याची ठिणगी विझायला वाव असतो. डीसीला अशी उसंत नाही. चालू भारावर जोड ओढला तर निघालेली ठिणगी जळतच राहते. म्हणून आधी स्विच पाडायचा, मगच जोडाला हात. अर्थिंगचे तीन वेगळे खड्डे झाले: पॅनेलच्या चौकटींचा, इन्व्हर्टरचा आणि आकाशातल्या विजेसाठी उभ्या केलेल्या दांड्याचा. त्यापायी कढीपत्त्याचं एक झाड गेलं. घरात अजून तेवढ्याचाच शोक चालू आहे.

सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात लाइट गेली. गल्लीभर गेली, आमच्याकडेही. भर दुपारी पंखे बंद. शेजारचे अण्णा कठड्यावरून म्हणाले, "सोलर ना तुमच्याकडे?" मी समजावलं की बॅटरी नसलेला इन्व्हर्टर महावितरणची लाइन मेली की स्वतःहून बंद होतो, नाही तर आपली वीज उलटी जाऊन खांबावर चढलेल्या वायरमनला झटका बसेल. अण्णांनी मान हलवली. फसवलं यांना, असा त्या मान हलवण्याचा अर्थ होता.

यंदा मेअखेर बोल्ट तपासायला फिटरला बोलावलं. त्याच्याकडचा पाना ठरावीक जोराला टक् असा वाजतो. त्यापुढे आवळलं तर चौकट दबून काचेला ताण बसतो, म्हणून तिथेच थांबायचं. एकच क्लॅम्प ढिला निघाला, पाव फेऱ्याचा. अण्णा पलीकडून बघत होते.

"पाव फेऱ्यासाठी एवढ्या उन्हात वर चढलात?"

"नाही चढलो, तर तो पाव फेरा तुमच्या अंगणात येतो, अण्णा," फिटर म्हणाला आणि पुढच्या बोल्टला पाना लावला. दुसऱ्या दिवशीपासून अण्णांची स्कूटर घराच्या पलीकडच्या बाजूला लागायला लागली.